एका बँडला एकच गाणं मिळणार असेल, तर कुठलं? आणि का?

तंबोऱ्याची_खुंटी

मंडळी, मदत हवी आहे. धाकटी लेक, वय वर्षं चौदा, आठ महिने गिटार शिकतेय. डिसेंबरात क्लासचा कार्यक्रम आहे. सरांचं फर्मान आलंय: प्रत्येकाने एक परदेशी रॉक बँड निवडायचा, त्याचं 'सिग्नेचर साँग', म्हणजे ज्यावरून तो बँड ओळखला जातो ते गाणं, वाजवायचं आणि त्याआधी दोन मिनिटं त्या गाण्याबद्दल बोलायचं.

लेक माझ्याकडे आली. आता आमचं घर मिरजेचं. वडिलांची हयात तंबोऱ्यांची जवारी काढण्यात, म्हणजे घोडी घासून तारांचा आवाज खुलवण्यात गेली. मारवा आणि पूरिया यांतला फरक मी झोपेतसुद्धा सांगेन, पण रॉक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर फक्त लांब केस येतात. "बाबा, तुमचा काही उपयोग नाही," असं सर्टिफिकेट मिळालंय.

तर प्रश्न असा. एका बँडला एकच गाणं. कुठलं आणि का? नुसत्या लिंका टाकू नका. गाण्यामागे गोष्ट असली की माझ्या लक्षात राहतं, नाहीतर सगळी गाणी मला सारखीच वाटतात.

जुनी_कॅसेट

पहिला! वाचनखूण साठवली.

डीप पर्पल. 'स्मोक ऑन द वॉटर'. पुढे कोणी काहीही सांगो, गिटारवर हात बसला की जगातलं प्रत्येक पोर आधी हेच वाजवतं.

गोष्ट हवी ना? ४ डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो. तिथल्या कॅसिनोत रेकॉर्डिंग करायचं म्हणून ही मंडळी येऊन थांबली होती. त्याच्या आधी तिथे फ्रँक झॅपाचा कार्यक्रम होता. प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन उडवली, छताने पेट घेतला आणि कॅसिनो जळून खाक झाला. नशिबाने कुणी दगावलं नाही. धूर जिनिव्हा सरोवराच्या पाण्यावर पसरला होता, त्यावरून गाण्याचं नाव. पोरांना बाहेर काढायला धावलेला क्लॉड नोब्ज गाण्यात 'फंकी क्लॉड' होऊन बसलाय. गाणं म्हणजे अक्षरशः बातमी आहे. कोण, कुठे, काय जळलं, मग आम्ही काय केलं, सगळं क्रमाने.

खडूस_पेठकर

> गिटारवर हात बसला की

हात बसायच्या आधीच वाजवतात, तोच तर त्रास आहे. आमच्या ओळखीच्या एका वाद्यांच्या दुकानदाराने, कुणी गिटार बघायला घेऊन हेच वाजवलं तर किंमत वाढवून सांगायची असं ठरवलं होतं.

एक दुरुस्ती मात्र लेकीला सांगा. बहुतेक लोक हे प्लेक्ट्रमने (तारा छेडायच्या चकतीने) आणि एकेका तारेवर वाजवतात. डीप पर्पलचा गिटारवाला ब्लॅकमोर दोन तारा एकाच वेळी बोटांनी चिमटीत धरल्यासारख्या छेडतो. सूर आणि त्याच्या खालचा चौथा सूर, जोडीने. तो दणदणीत आवाज तिथून येतो.

वऱ्हाडी_ठेचा

ब्रायन अॅडम्स. समर ऑफ सिक्स्टी नाइन. धागा संपला. चहा पाजा आता.

चष्मिष्ट

ठेचाभाऊ, तो बँड नाही, एकटा माणूस आहे. शिवाय जन्म १९५९ चा. एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात साहेब नऊ वर्षांचे होते. तेव्हा कसली आलीय गिटार आणि कसली प्रेयसी.

वऱ्हाडी_ठेचा

अमरावतीच्या हॉस्टेलात आम्ही पण प्रेयसी नसतानाच म्हणत होतो बाप्पा. काही अडलं नाही.

रंगभवन_८९

धाग्यावर यायला उशीर झाला, क्षमस्व. लेड झेपलिन, 'स्टेअरवे टू हेवन'. वाद घालायला जागाच नाही.

१९७१ चा चौथा अल्बम. मुखपृष्ठावर बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही, एक लाकडाची मोळी वाहणारा म्हातारा आहे. आणि आत हे आठ मिनिटांचं गाणं. सुरुवातीला फक्त गिटार, मग जॉन पॉल जोन्सच्या बासऱ्या. बॉनहॅमचा ड्रम चार मिनिटं उलटून गेल्यावर येतो. चार मिनिटं! आजकाल तेवढ्यात गाणं संपतं. अमेरिकेत हे सुटं सिंगल म्हणून काढलंच नाही. हवंय ना, मग अख्खी तबकडी घ्या. तरी रेडिओवाल्यांनी ते वाजवून वाजवून झिजवलं. खुंटीसाहेब, बडा ख्याल ऐकणाऱ्या माणसाला हे पटेल. आधी आलाप, मग हळूहळू लय वाढत द्रुतात शिरणं.

बेलफास्टमध्ये मार्च १९७१ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं, तेव्हा श्रोते कंटाळले होते म्हणे. जोन्सनेच सांगितलंय, लोक ओळखीचं काहीतरी कधी येतंय याची वाट बघत होते.

आता थोडं अवांतर. आमच्या काळात हे सगळं ऐकायला मिळायचं कुठे? मुंबईत काळ्या घोड्याला ऱ्हिदम हाऊस या दुकानात तासभर उभं राहायचं आणि विकत एक कॅसेट घ्यायची, तीही चौघांत वर्गणी काढून. आणि वर्षातून एकदा धोबीतलावला रंगभवन. इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव. उघड्यावरचा रंगमंच, शेजारी झेवियर्स, आणि मध्येच पावसाची सर. एकदा माझ्या पायातली एक चप्पल हरवली आणि चर्चगेटपर्यंत एकाच चपलेत चालत गेलो. पुढे तो भाग शांतता क्षेत्रात आला आणि रंगभवन मुकं झालं. ऱ्हिदम हाऊसही २०१६ मध्ये बंद पडलं.

आणखी एक. झेपलिनचे गिटारवाला पेज आणि गायक प्लँट १९७२ मध्ये मुंबईत आले होते. कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' नावाच्या छोट्या क्लबात दोघांनी वाजवलं आणि इथल्या वादकांना घेऊन आपली दोन गाणी स्टुडिओत पुन्हा करून पाहिली. ती ध्वनिमुद्रणं अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. मी तेव्हा पाळण्यात होतो, नाहीतर गेलो असतोच.

अनवाणी_अनसूया

काका, चप्पल दुसरी फेकून का नाही दिली? :)

रंगभवन_८९

अनसूयाताई, नवीन होती हो.

चष्मिष्ट

> वाद घालायला जागाच नाही

आहे की! स्टेअरवे हे झेपलिनचं सर्वांत प्रसिद्ध गाणं, हे मान्य. पण झेपलिनची ओळख म्हणाल तर 'काश्मीर'. १९७५. (नाव काश्मीर असलं तरी प्लँटला शब्द सुचले ते दक्षिण मोरोक्कोच्या वाळवंटात गाडी चालवताना. तोवर काश्मीर त्यांच्यापैकी कुणी पाहिलंही नव्हतं.)

आणि स्टेअरवेच्या सुरुवातीच्या उतरत्या सुरावटीवरून 'स्पिरिट' या बँडच्या एका गाण्याची नक्कल केल्याचा खटला चालला होता, हेही मुलीला सांगा. २०१६ मध्ये ज्यूरीने झेपलिनच्या बाजूने कौल दिला, अपिलात २०२० मध्ये तोच कायम राहिला. पण कोर्टात गिटार घेऊन सूर मोजायची वेळ आली, यातच काय ते आलं.

खुंटी, तुमच्यासाठी काश्मीरमध्ये खास माल आहे. ड्रम चार-चारच्या हिशेबात सरळ चालतो आणि गिटारची सुरावट तीन-तीनच्या. दोघं आपापल्या वाटेने जातात आणि बाराव्या मात्रेनंतर पुन्हा एकत्र पडतात. ऐकताना हत्ती चालल्यासारखं का वाटतं, ते यात आहे.

तंबोऱ्याची_खुंटी

चष्मिष्ट, दंडवत! आताच हेडफोन लावून बोटांवर मोजत ऐकलं. पहिल्यांदा सम चुकली. दुसऱ्यांदा बारावर बरोबर भेटले आणि मी एकटाच "क्या बात है" म्हणून ओरडलो. सौ. स्वयंपाकघरातून बघायला आली.

म्हणजे ही मंडळी हिशेबी आहेत तर. मला वाटत होतं नुसताच आरडाओरडा.

धा_धा_तिटे

हिशेबच हवा असेल तर पिंक फ्लॉइडचं 'मनी' ऐका, १९७३. सात मात्रा. सुरुवातीला नाणी, गल्ल्याची घंटी, कागद फाटल्याचा आवाज, हे सगळं सातच्या तालात येतं. संगणक नव्हता तेव्हा. प्रत्येक आवाजाची फीत पट्टीने मोजून सारख्या लांबीची कापली आणि चिकटवून तिचं वेटोळं केलं. मात्रा शब्दशः इंचात मोजल्यात! मग गिटारचा सोलो आला की मंडळी गुपचूप चारवर येतात आणि सोलो संपला की परत सातवर.

खडूस_पेठकर

आता कुणीतरी याला रूपक ताल म्हणेल म्हणून आधीच सांगतो. रूपकाची सम 'खाली'च्या मात्रेवर असते, तिथे टाळी नसते. इथे पहिल्या मात्रेवर बेस दणकून बसतो. सात मात्रा दिसल्या की रूपक म्हणायचं नाही.

धा_धा_तिटे

म्हटलंय कुणी? तुम्ही स्वतःच सर्व्हिस करून स्वतःच स्मॅश मारताय.

पाचगणीची_स्ट्रॉबेरी

कमाल आहे, इतके प्रतिसाद झाले आणि अजून क्वीनचं नाव नाही? सातारा जिल्ह्याचा अपमान आहे हा.

'बोहेमियन ऱ्हाप्सडी', १९७५. आणि फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फरोख बलसारा, पारशी कुटुंबातला, जन्म झांझिबारचा, शाळा आमच्या पाचगणीची. सेंट पीटर्स. आठ वर्षांचं पोर बोटीने एवढ्या लांब आलं आणि बोर्डिंगात राहिलं. पियानो इथे शिकला आणि पहिला बँडही इथेच, 'द हेक्टिक्स', शाळेतल्याच पोरांचा. त्यात तो पियानोवर असायचा. आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा आधी टेबललँड विचारतो आणि मग "ती शाळा कुठली हो?".

वऱ्हाडी_ठेचा

म्हणजे फ्रेडी सातारकर. मग त्या गाण्यात "गॅलिलिओ" ऐवजी "काय राव" का नाही म्हटलं?

पाचगणीची_स्ट्रॉबेरी

"बिस्मिल्ला" म्हटलंय ना, लंडनच्या बँडसाठी तेवढं पुष्कळ झालं. :)

जुनी_कॅसेट

ऱ्हाप्सडीबद्दल थोडं माझं. सहा मिनिटांना पाच सेकंद कमी. धृपद नाही. आधी संथ गाणं, मग ऑपेरा, मग रॉक, मग पुन्हा शांत. कंपनीचं म्हणणं होतं की रेडिओवर एवढं लांब कुणी वाजवणार नाही. केनी एव्हरेट या रेडिओवाल्याकडे एक प्रत गेली आणि त्याने दोन दिवसांत ते चौदा वेळा वाजवलं. मग ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर. फ्रेडी १९९१ च्या नोव्हेंबरात गेला, त्यानंतर तेच गाणं पुन्हा पहिल्या क्रमांकावर आलं.

ऑपेराच्या भागात अख्खा गायकवृंद वाटतो ना? फक्त तिघं आहेत. फ्रेडी, ब्रायन मे, रॉजर टेलर. आवाजावर आवाज इतके चढवले की फीत झिजून तिच्यातून उजेड दिसायला लागला होता म्हणे. तो कानाच्या वरून जाणारा गॅलिलिओ ड्रमवाल्या टेलरचा.

आणि ब्रायन मेची गिटार घरची. बापलेकांनी मिळून जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून बनवलेली. खुंटीसाहेब, तुमच्या वडिलांना हे सांगाच.

अनवाणी_अनसूया

सगळं छान, पण आठ महिने शिकलेल्या मुलीने एकट्या गिटारवर बोहेमियन ऱ्हाप्सडी? पोरीचा जीव घ्याल. प्रश्न काय आहे ते लक्षात ठेवा रे.

आगाऊ_कार्टं

काका लोकांचा धागा दिसतोय, तरी येतो. सगळी नावं पन्नास वर्षांपूर्वीची! निर्वाणा, 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट', १९९१. चार पॉवर कॉर्ड, विषय संपला, पोरगी आठवड्यात वाजवेल. नावाची गोष्ट: गायक कर्ट कोबेनच्या एका मैत्रिणीने भिंतीवर लिहिलं की कर्टला टीन स्पिरिटचा वास येतो. त्याला वाटलं काहीतरी क्रांतिकारी लिहिलंय. टीन स्पिरिट हा मुलींचा डिओडरंट होता, हे त्याला नंतर कळलं.

आणि रेडिओहेडचं 'क्रीप'. धृपदाच्या आधी गिटारचा तो खटॅक्-खटॅक् आवाज येतो ना? गिटारवाल्या जॉनी ग्रीनवुडला गाणं फार मवाळ वाटत होतं म्हणून तो बिघडवायला बघत होता. लोकांना नेमका तोच आवाज आवडला. पुढे बँड या गाण्याला इतका वैतागला की कितीतरी वर्षं वाजवायचंच टाळलं.

खडूस_पेठकर

कार्ट्या, १९९१ ला पस्तीस वर्षं होत आली. तूही काकाच आहेस.

आगाऊ_कार्टं

हे लागलं. :(

नाट्यवेडा_नाना

आगाऊ यांच्या प्रतिसादात खरी मेख आहे. सिग्नेचर गाणं बँड ठरवतच नाही, लोक ठरवतात आणि मग बँडला जन्मभर ते गात बसावं लागतं. आपल्याकडे संगीत नाटकात 'वन्स मोअर'चं हेच होतं. नायिका मरायला टेकलेली असायची आणि लोक वन्स मोअर घ्यायचे, ती उठून पुन्हा पद म्हणायची आणि मग मरायची.

माझं मत थोडं उलटं आहे. बहुतेक वेळा सिग्नेचर गाणं हे त्या बँडचं सर्वांत चांगलं गाणं नसतं. सर्वांत सोपं दार असतं. रोलिंग स्टोन्सचं 'सॅटिस्फॅक्शन' घ्या. त्यांच्या गिटारवाल्या कीथ रिचर्ड्सला ते अर्धवट झोपेत सुचलं, उशाजवळच्या टेपरेकॉर्डरवर वाजवलं आणि झोपला. सकाळी फीत ऐकली तर थोडी गिटार आणि पुढे नुसतं घोरणं. त्याला ते फार भारी वाटलंही नव्हतं. १९६५ पासून वाजवतोय बिचारा. २००३ ला मुंबईत ब्रेबॉर्नवर आले तेव्हा मी होतो. त्या गाण्याशिवाय माणसं स्टेडियम सोडायला तयार नव्हती.

चष्मिष्ट

नाना, +१. बाय द वे, 'सिग्नेचर साँग'ला मराठीत काय म्हणायचं? 'ओळखगाणं'?

धा_धा_तिटे

हुकमी गाणं.

वऱ्हाडी_ठेचा

सहीगीत. आधार कार्डाला जोडता येईल.

खडूस_पेठकर

गळ्यातलं लोढणं.

ब्रमचा_बाळू

बर्मिंगहॅमहून लिहितोय, ब्लॅक सॅबथच्या गावातून. इथे नोकरीला आलो तेव्हा मला फक्त त्यांच्या गायकाचं, ऑझी ऑस्बॉर्नचं नाव माहीत होतं, तेही स्टेजवर वटवाघळाचं डोकं चावलेला माणूस म्हणून.

त्यांचं हुकमी गाणं 'पॅरानॉइड', १९७०. अल्बम थोडा अपुरा पडत होता म्हणून भरीला काहीतरी हवं होतं. अर्ध्या तासाच्या आत गाणं तयार! तीन मिनिटांचंसुद्धा नाही. बाकी सगळं मेहनतीचं मागे राहिलं आणि भरीचं गाणं डोक्यावर बसलं. नानांचा मुद्दा.

पण मला मुलीसाठी सांगायचंय ते त्यांच्या गिटारवाल्या टोनी आयोमीचं. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस. मशिनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या. तारा टोचू नयेत म्हणून पुढे त्या सैल करून, खालच्या सुरात लावल्या. तो जड, काळोखा आवाज, ज्यातून पुढे अख्खं हेवी मेटल आलं, त्यात या सैल तारांचा मोठा वाटा आहे.

५ जुलै २०२५ ला इथल्या व्हिला पार्क स्टेडियमवर त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला. ऑझी उभा राहू शकत नव्हता, सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. शेवटचं गाणं पॅरानॉइड. १७ दिवसांनी गेला. ब्रॉड स्ट्रीटवर त्यांच्या नावाचा पूल आहे, तिथल्या बाकाभोवती फुलांचा नुसता खच. ऑफिसातून येताना रोज तिथे थांबायचो. गोरे आजीआजोबा, काळे कपडे, हातात फुलं. एका आजींनी मला विचारलं, तुझं आवडतं कुठलं? मी पॅरानॉइड म्हणालो. त्या म्हणाल्या, "हो बाळा, सगळे तेच म्हणतात." मला नाव बाळू आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

अनवाणी_अनसूया

बाळू, :) आणि :( दोन्ही.

तंबोऱ्याची_खुंटी

टोप्यांची गोष्ट वडिलांना वाचून दाखवली. वय ८१. बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत बसले. मग म्हणाले, "तारा सैल केल्या हे बरं केलं." दुसरं काही नाही.

म्हापशेकर_बेस

देव बरें करूं. गोंयचा आहे, लग्नांत आणि शॅकवर बेस वाजवतो. तुम्ही सगळे गाण्यांबद्दल बोलताय, मी ती भोगतो. 'हॉटेल कॅलिफोर्निया'. ईगल्स. १९७६ च्या डिसेंबरचा अल्बम. सीझनला रोज रात्री एकदा, कधी दोनदा. नवरानवरी स्टेजवर, आणि गाणं कशाबद्दल आहे? एकदा आत गेलात की सुटका नाही! लग्नाला याहून योग्य गाणं मला तरी सापडलं नाही.

गोष्ट सांगतो. ट्यून त्यांच्या गिटारवाल्या डॉन फेल्डरची. घरी कॅसेटवर केलेली, कामचलाऊ नाव 'मेक्सिकन रेगे'. पट्टी गायक डॉन हेन्लीच्या गळ्याला बसेना म्हणून उतरवत उतरवत बी मायनरवर आणली. मग मायामीत रेकॉर्डिंग सुरू झालं. शेवटच्या सोलोला फेल्डर नवीन काही वाजवायला लागला तर हेन्ली म्हणाला, नाही, कॅसेटवर होतं तसंच हवं. कॅसेट कॅलिफोर्नियात घरी! फेल्डरने घरी फोन केला, कामाच्या बाईंना कॅसेट शोधून फोनसमोर वाजवायला लावली आणि स्वतःचीच चीज फोनवरून पुन्हा शिकला.

मुलीने वाजवायचं तर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) सातव्या पट्टीवर. सोलोच्या वाटेला जाऊ नये. तो दोघांचा आहे, फेल्डर आणि जो वॉल्श. एकट्याने केलं की लुळं वाटतं.

रंगभवन_८९

म्हापशेकर, फोनची गोष्ट नवीन होती. आपल्याकडे गुरूने शिष्याला फोनवरून तालीम दिल्याचं ऐकलंय. इथे तर गुरूही तोच आणि शिष्यही तोच.

फ्लॉइडची_फाटकी_गोधडी

धा_धा यांनी 'मनी' सांगितलं, पण फ्लॉइडचं एकच द्यायचं तर 'विश यू वेअर हिअर'. १९७५. पहिल्या गिटारचा आवाज जुन्या रेडिओतून आल्यासारखा आहे, मग दुसरी गिटार तुमच्या खोलीत बसल्यासारखी सुरू होते. त्याआधी गिटारवाला गिल्मोर खोकतो तेही ऐकू येतं.

अल्बमभर सिड बॅरेटची सावली आहे. बँड उभा केला त्याने, आणि मनाचा तोल गेल्यावर तो बाहेर पडला. ५ जून १९७५ ला हे लोक रेकॉर्डिंग करत असताना एक जाडा माणूस स्टुडिओत आला, डोकं आणि भुवया भादरलेल्या. कितीतरी वेळ कुणी ओळखलं नाही. तो सिड होता.

दोन मिनिटं बोलायला यापेक्षा जास्त काही लागत नाही. कॉर्डही सोप्या आहेत.

अनवाणी_अनसूया

माझं मत गोधडीला. पोरीला झेपेल असं हे एकच दिसतंय.

आगाऊ_कार्टं

गन्स अँड रोझेसचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून हजेरी. 'स्वीट चाइल्ड ओ माइन'. गिटारवाला स्लॅश बोटं मोकळी करायला काहीतरी वाजवत होता, त्याचंच गाणं झालं. शेवटी आता पुढे काय हे गायक अॅक्सलला सुचेना, तर त्याने 'आता पुढे काय' हेच गायलं. २०१२ ला मुंबईत आले तेव्हा स्लॅश नव्हता. २०२५ ला महालक्ष्मीला होता आणि मीही होतो. बास.

तंबोऱ्याची_खुंटी

मंडळी, निकाल सांगायला आलोय.

रविवारी दुपारी लेकीने तुमची सगळी गाणी एकामागून एक लावली. वडील झोपाळ्यावर डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले. 'स्मोक ऑन द वॉटर' लागलं आणि दुसऱ्याच आवर्तनाला त्यांनी मोठ्याने सरगम म्हटली: सा ग म, सा ग मं म, सा ग म ग सा. गंधार कोमल, आणि दोन्ही मध्यम. लेकीने गिटार घेतली आणि आजोबा म्हणतील तसं वाजवत गेली. क्लासमध्ये पंधरा दिवसांत जे बसलं नव्हतं ते वीस मिनिटांत बसलं.

तर गाणं ठरलं. जुनी_कॅसेट, पहिलाच प्रतिसाद तुमचा, मान तुमचा. कॅसिनो जळाल्याची गोष्ट ती मराठीतूनच सांगणार आहे.

पण नवीन भानगड उभी राहिलीय. वडील म्हणतात, मी तंबोरा घेऊन मागे बसतो. सरांनी आधी हसून घेतलं, मग परवानगी दिली. पट्टी पांढरी पाच, म्हणजे बायकी तंबोरा. वडिलांचं म्हणणं, सुरावटीत पंचम कुठेच नाही, तेव्हा पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात जुळवायची.

नाट्यवेडा_नाना

दोन्ही मध्यम लागोपाठ? मग हा ललितच की हो!

खडूस_पेठकर

नाना, गंधार कोमल आहे. ललित कसला डोंबलाचा.

आणि खुंटी, वडिलांना साष्टांग नमस्कार सांगा, पण मध्यम नको. वर मी लिहिलं होतं ते बघा. ब्लॅकमोर प्रत्येक सुराखाली त्याचा चौथा वाजवतो. म्हणजे सा वाजतो तेव्हा खाली मंद्र पंचम आहेच. पंचमातच जुळवा.

धा_धा_तिटे

पेठकर बरोबर बोलतायत. (हे वाक्य फ्रेम करून ठेवा, पुन्हा मिळणार नाही.) पण ऐकताना कान मध्यमावर थांबतो, हेही खरं.

म्हापशेकर_बेस

बेसवाल्याला कुणी विचारत नाही, तरी सांगतो. सुरुवातीला गिटार एकटीच असते, मग ड्रम, मग बेस. तंबोरा आधीपासून छेडत ठेवा, गिटार त्यावर येऊ दे. जुळवा कशातही.

तंबोऱ्याची_खुंटी

वडिलांना पेठकरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. गिटार हातात घेऊन दोन तारा जोडीने छेडून बघितल्या. मग पुन्हा एकदा छेडल्या. म्हणाले, "माणूस खरं बोलतोय. माळ्यावरचा दुसरा तंबोरा काढ."

एक पंचमात, एक मध्यमात. दुसऱ्याला मी बसणार आहे. लेकीने अट घातलीय की डोकं हलवायचं नाही.

रंगभवन_८९

व्हिडिओ आला नाही तर मी स्वतः मिरजेला येईन. दोन्ही चपला घालून.

वऱ्हाडी_ठेचा

म्हणजे समर ऑफ सिक्स्टी नाइन नाहीच का?